उच्च रक्तदाब आणि व्यायाम : कोणता, किती आणि कसा?

आज कोणत्याही घरात गेले तरी टी.व्ही.शेजारी किंवा कपाटाच्या फळीवर औषधांची एक प्लास्टिकची डबी दिसते आणि त्या डबीत बहुधा बी.पी.ची गोळी असते. एके काळी उच्च रक्तदाब हा श्रीमंतांचा, खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांचा आजार समजला जाई. तो समज आता मागे पडला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियॅब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शहरे व खेडी मिळून १ लाख १३ हजार प्रौढ व्यक्तींची तपासणी या पाहणीत झाली होती. त्यात ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. म्हणजे दर तीन प्रौढांमागे एकाहून थोडे अधिक. यात कारकून आहेत, शिक्षक आहेत, तसेच सफाई कामगार, शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या भगिनीही आहेत.

या आजाराची खरी अडचण अशी की तो दुखत नाही. डोके दुखले, चक्कर आली तरच बी.पी. वाढले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे काहीही त्रास न होता दाब वाढलेला राहतो आणि एके दिवशी पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मूत्रपिंडाचा विकार समोर उभा राहतो. घरातील कमावता माणूस अंथरुणाला खिळला की मुलांची शिक्षणे थांबतात, कर्ज होते. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांचा नसून प्रत्येक कुटुंबाचा आहे.

रक्तदाब तपासणीच्या ठिकाणी तीन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, "आम्ही दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" दुसरा, "व्यायाम करायचाच तर कोणता करू? चालू, की जिमला जाऊ, की योगासने करू?" आणि तिसरा, "व्यायाम सुरू केला तर गोळी बंद करता येईल का?" या तीन प्रश्नांची उत्तरे उपलब्ध शास्त्रीय माहितीच्या आधारे, सोप्या भाषेत देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय हा एक पंप आहे. तो आकुंचन पावतो तेव्हा रक्त धमन्यांत ढकलले जाते आणि धमन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. हा वरचा दाब. हृदय सैल पडते तेव्हाही धमन्यांत काही दाब शिल्लक असतो. तो खालचा दाब. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे उपकरण इटलीतील डॉ. रिवा-रोची यांनी १८९६ साली वापरात आणले, तर स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा व खालचा दोन्ही दाब ओळखण्याची पद्धत रशियातील डॉ. कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली मांडली. आज डॉक्टर पट्टा आवळून स्टेथोस्कोप लावतात ती हीच पद्धत होय.

वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा दाब १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक येत असेल तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. १२० च्या आत वरचा आणि ८० च्या आत खालचा असणे उत्तम. यांच्या मधला पट्टा हा इशारा समजावा. व्यायामाने सर्वांत मोठा फायदा पदरात पाडून घेण्याची हीच वेळ असते.

पाच-सात मिलिमीटरने काय होणार, असे कोणास वाटेल. परंतु औषधांच्या ४८ चाचण्यांतील सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांची माहिती एकत्र करून २०२१ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वरचा दाब अवघा ५ मिलिमीटरने उतरला तरी हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात, असा तो निष्कर्ष होता. रक्तदाबाच्या एका गोळीने वरचा दाब सरासरी ८ ते ९ मिलिमीटर उतरतो. हे दोन आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे व्यायामाचे आकडे येतील, ते याच मापाने तोलायचे आहेत.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

प्रथम पहिल्या प्रश्नाकडे वळू. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध दाखविणारा एक गाजलेला अभ्यास लंडनच्या बस कर्मचाऱ्यांवर झाला. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५३ साली प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर एका जागी बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडत सारखा वर-खाली जिने चढत-उतरत असे. दोघे एकाच बसवर काम करणारे. तरीही कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा बरेच कमी आढळले. मुंबईतही १९३७ पासून दुमजली बस धावू लागली, त्यामुळे हे चित्र आपल्याला अपरिचित नाही.

यावरून सर्वच अंगमेहनत हृदयाला हितकारक आहे असा अर्थ काढला जातो. तो बरोबर नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन परिसरातील १ लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात हालचाल व व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळला, परंतु ज्यांच्या नोकरीतच जड अंगमेहनत होती त्यांच्यामध्ये तो उलट अधिक आढळला.

असे का व्हावे? कंडक्टरचे काम चालण्यासारखे होते. ओझी वाहणे, गोणी उचलणे, तासन्‌तास उभे राहणे, वाकून एकच काम करीत राहणे हे वेगळे. ओझे उचलताना रक्तदाब वाढतो आणि असे काम आठ-दहा तास चालले तर तो दिवसभर चढलेलाच राहतो. कामाचा वेग मुकादमाच्या हाती असतो, कामगाराच्या नव्हे. व्यायामात शरीराला थोडा वेळ ताण मिळतो व नंतर पुरेशी विश्रांती मिळते, आणि त्या विश्रांतीतच रक्तवाहिन्या सैलावतात. कष्टाच्या कामात ही विश्रांतीच नसते.

म्हणून "तुम्ही राबता, तुम्हाला व्यायामाची गरज नाही" असे कष्टकऱ्याला कोणी सांगू नये आणि त्यानेही स्वतःची तशी समजूत घालू नये. त्याला दोन गोष्टींची गरज आहे. कामाच्या मध्ये विसावा आणि कामाव्यतिरिक्त थोडा, बेताचा, स्वतःच्या चालीने केलेला व्यायाम. घरकाम व मजुरी अशी दुहेरी ओढाताण सोसणाऱ्या भगिनींना हे विशेषत्वाने लागू आहे.

व्यायामाचे पाच प्रकार

आता दुसरा प्रश्न. इंग्लंडमधील कँटरबरी क्राइस्ट चर्च व लेस्टर या विद्यापीठांतील संशोधकांनी २०२३ साली एक मोठा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० पासून झालेल्या २७० चाचण्या, त्यांतील १५ हजार ८२७ व्यक्ती आणि व्यायामाचे पाच प्रकार त्यांनी एकत्र मांडले. ते पाच प्रकार आपण एकेक करून पाहू.

(१) दमसासाचा व्यायाम. यालाच एरोबिक म्हणतात. भरभर चालणे, धावणे, सायकल, पोहणे, दोरीवरच्या उड्या, लेझीम हे सर्व यात येतात. मोठे स्नायू लयीत सतत हलतात, श्वास वाढतो, घाम येतो. या व्यायामाने धमन्यांचे आतले अस्तर सुधारते, त्या अधिक लवचीक होतात आणि शरीराला सतत "सावध" ठेवणाऱ्या मज्जासंस्थेचा जोर कमी होतो. एकदा व्यायाम केल्यानंतर पुढचे काही तास दाब उतरलेला राहतो. सरासरी उतार : वरचा ४.४९, खालचा २.५३ मिलिमीटर.

(२) जोर-वजनाचा व्यायाम. जोर, बैठका, डंबेल्स, जिममधील यंत्रे. यात स्नायू भाराविरुद्ध आकुंचन-प्रसरण पावतात. यामुळे रक्तदाब वाढतो असे पूर्वी मानले जाई आणि रुग्णांना मनाई केली जाई. बेताच्या भाराने, श्वास न कोंडता केल्यास उलट फायदा होतो. सरासरी उतार : वरचा ४.५५, खालचा ३.०४.

(३) मिश्र व्यायाम. वरील दोन्ही एकाच आठवड्यात किंवा एकाच वेळी करणे. उदाहरणार्थ, वीस मिनिटे चालणे व नंतर दहा मिनिटे बैठका. सरासरी उतार : वरचा ६.०४, खालचा २.५४.

(४) तीव्र टप्प्यांचा व्यायाम. थोडा वेळ जोरात धावायचे, मग तेवढा किंवा त्याहून अधिक वेळ सावकाश चालायचे, असे आलटून पालटून. कबड्डीच्या चढाईत शरीराला असाच झटपट ताण पडतो. वेळ कमी लागतो, परंतु शरीर आधी तयार हवे. सरासरी उतार : वरचा ४.०८, खालचा २.५०.

(५) स्थिर ताणाचा व्यायाम. याला आयसोमेट्रिक म्हणतात. यात सांधे हलत नाहीत. स्नायू ताणून एकाच स्थितीत धरून ठेवायचे. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे बसणे, मुठीने एखादी वस्तू दाबून धरणे, ही त्याची उदाहरणे. ताणलेला स्नायू आतील रक्तवाहिन्या दाबतो. ताण सोडताच रक्ताचा लोंढा आत येतो, वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साईड स्रवते आणि वाहिन्या रुंदावतात. आठवड्यातून तीनदा असे होत राहिले की त्या सैल राहायला शिकतात. सरासरी उतार : वरचा ८.२४, खालचा ४.००.

म्हणजे पाचही प्रकार उपयोगी ठरले आणि सर्वांत जास्त उतार पाचव्या प्रकारात दिसला. त्यातही वरच्या दाबासाठी भिंतीची खुर्ची आणि खालच्या दाबासाठी धावणे यांचा क्रमांक सर्वांत वर लागला. शाळेत गृहपाठ न केल्याबद्दल गुरुजी "खुर्ची करून उभा राहा" असे म्हणत. ती शिक्षाच आता औषधाच्या यादीत आली आहे!

आकडे कसे वाचावेत?

वरील आकडे वाचून चालणे सोडून द्यावे आणि भिंतीलाच टेकावे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याची कारणे अशी.

एक, हे सरासरीचे आकडे आहेत. या चाचण्यांत ज्यांचा दाब मुळात ठीक होता असेही अनेक जण होते आणि ज्याचा दाब ठीक आहे त्याचा फारसा उतरणारच नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या तुलनेत असे दिसले की दमसासाच्या व्यायामाने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी ८.३ मिलिमीटर उतरला, तर दाब ठीक असणाऱ्यांचा एक मिलिमीटरही उतरला नाही. म्हणजे ज्याला गरज अधिक त्याला लाभ अधिक, आणि रुग्णाला भरभर चालण्यापासूनही जवळजवळ एका गोळीइतका उतार मिळू शकतो.

दोन, स्थिर ताणाच्या व्यायामावरील चाचण्या दमसासाच्या व्यायामाच्या तुलनेने थोड्या आहेत आणि बऱ्याचशा काही आठवड्यांच्याच आहेत. दमसासाच्या व्यायामाचा अभ्यास अनेक दशके झाला आहे.

तीन, माणसाला केवळ रक्तदाब नसतो. त्याला वजन असते, साखर असते, गुडघे असतात, झोप असते. चालण्या-धावण्याने वजन, साखर व हृदयाची ताकद या सर्वांनाच मदत होते. भिंतीची खुर्ची तेवढे करू शकत नाही.

चार, व्यायाम थांबला की काही आठवड्यांतच दाब पुन्हा पूर्वपदावर येतो. त्यामुळे यादीत पहिला असलेला परंतु दोन महिन्यांत सुटणारा व्यायाम, हा यादीत चौथा असलेल्या परंतु दहा वर्षे टिकणाऱ्या व्यायामापेक्षा कमी उपयोगाचा होय. आमच्या मते या सर्व तुलनेचे सार हेच आहे. आपल्या घरात, आपल्या पाळीत, आपल्या शरीराला जो जमेल आणि टिकेल तो व्यायाम प्रथम निवडावा आणि त्यात स्थिर ताणाच्या व्यायामाची भर घालावी.

योगासने व शवासन

योगासनांबद्दलही विचारणा होते. या बाबतीत मुंबईचे एक जुने काम उल्लेखनीय आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध केले. रोज अर्धा तास शवासन केल्याने अनेकांचा दाब उतरला आणि काहींची औषधाची मात्रा डॉक्टरांना कमी करता आली. त्या काळच्या मानाने हा प्रयोग महत्त्वाचा होता. मात्र रुग्णसंख्या लहान होती, हेही ध्यानात घ्यावे.

शवासन व संथ श्वसन यांना व्यायामाचा पर्याय न मानता जोड मानावी. ज्यांचा दाब वाढलेला आहे त्यांनी शीर्षासनासारखी डोके खाली-पाय वर असणारी आसने, श्वास रोखून धरणे आणि जोरजोरात कपालभाती करणे टाळावे.

भिंतीची खुर्ची कशी करावी?

हा व्यायाम दहा बाय बाराच्या खोलीतही होतो. त्याला पैसा लागत नाही, मैदान लागत नाही, विशेष कपडे लागत नाहीत. ज्या भगिनींना पहाटे किंवा रात्री रस्त्यावर चालायला जाणे सुरक्षित वाटत नाही त्यांना तो घराच्या आत करता येतो. पद्धत पुढीलप्रमाणे.

भिंतीला पाठ लावून उभे राहावे. पावले भिंतीपासून साधारण दीड-दोन फूट पुढे, एकमेकांपासून खांद्याइतकी दूर ठेवावीत. पाठ भिंतीवरून हळूहळू खाली सरकवावी. पूर्ण खुर्चीइतके खाली जाण्याची पहिल्या दिवशी गरज नाही, थोडेसे वाकले तरी पुरे. गुडघे पावलांच्या पुढे जाऊ देऊ नयेत. याच स्थितीत थांबावे.

श्वास अजिबात कोंडू नये. मोठ्याने आकडे मोजत राहिले किंवा कोणाशी बोलत राहिले तर श्वास आपोआप चालू राहतो. ही सूचना किरकोळ समजू नये. १९८५ साली काही शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी बसवून, पायांनी अवजड वजन ढकलताना त्यांचा रक्तदाब मोजण्यात आला. श्वास कोंडून जोर लावताना तो सरासरी ३२० वर २५० इतका चढला होता.

सुरुवातीला ३० सेकंद धरावे व दोन मिनिटे विश्रांती घ्यावी. असे चार वेळा करावे. दर आठवड्याला थोडी वाढ करीत दोन मिनिटांपर्यंत जावे. चाचण्यांतील नेहमीची पद्धत हीच आहे : दोन मिनिटांचे चार फेरे, मध्ये एक ते चार मिनिटे विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस. विश्रांतीसह सुमारे पंधरा मिनिटे लागतात. पहिले मिनिट सोपे जाते, दुसऱ्या मिनिटात मांड्या थरथरू लागतात. तेवढे योग्य आहे. मात्र बोलता येईनासे झाले तर थोडे वर सरकावे.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी भिंतीचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी मुठीचा व्यायाम आहे. रबरी चेंडू किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल आपल्या पूर्ण जोराच्या साधारण एकतृतीयांश जोराने दोन मिनिटे दाबून धरावा, विश्रांती घ्यावी आणि असे चार वेळा करावे.

आठवड्याचा आराखडा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी दिलेली शिफारस अशी आहे : आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम वेगाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा दमसासाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. ती आपल्या जीवनात पुढीलप्रमाणे बसविता येईल.

नोकरदारांनी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. एकदम अर्धा तास मिळत नसेल तर सकाळी पंधरा व संध्याकाळी पंधरा मिनिटे. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी गेले तरी ते चालणेच. वेग असा हवा की बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. तीन दिवस भिंतीची खुर्ची.

अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांनी कामावरून आल्यावर लगेच व्यायाम करू नये. आधी विश्रांती व पाणी घ्यावे. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हाताने निवांत चालावे आणि आठवड्यातून तीनदा खुर्चीचे चार फेरे करावेत. त्यांच्यासाठी झोप हीदेखील औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

वृद्धांनी सपाट जागेवर चालावे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे आणि सोबतीला कोणी असल्याशिवाय नवा व्यायाम सुरू करू नये.

विद्यार्थ्यांनी धावणे, कबड्डी, लेझीम, दोरीवरच्या उड्या यांपैकी आवडेल ते करावे. रात्रभर जागरण, वडापाव आणि परीक्षेचा ताण यातूनच पुढच्या रक्तदाबाची पेरणी होते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दहा तास बसणाऱ्याने दर तासाने उठून पाच मिनिटे चालावे.

दक्षता

वरचा दाब १८० किंवा खालचा ११० च्या वर असेल तर प्रथम औषधाने तो आटोक्यात आणावा व डॉक्टरांनी सांगितल्यावरच व्यायाम सुरू करावा. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याचा विकार झालेले रुग्ण तसेच गर्भवती यांनी जोराचा किंवा स्थिर ताणाचा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावा. व्यायाम करताना छातीत दुखणे, दम कोंडणे, चक्कर येणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येणे यांपैकी काहीही झाले तर तत्काळ थांबावे व रुग्णालयात जावे. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या घेणाऱ्यांची नाडी व्यायामातही फारशी वाढत नाही. त्यांनी नाडीऐवजी वर सांगितलेली बोलण्याची खूण वापरावी. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी भर उन्हात व्यायाम करू नये.

गोळी बंद करावी का?

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. याचे उत्तर स्पष्ट आहे. स्वतःच्या मनाने गोळी कधीही बंद करू नये. "बी.पी. नॉर्मल आले, आता गोळी कशाला?" असे म्हणून गोळी सोडणारे अनेक जण असतात. परंतु दाब नॉर्मल आला तो गोळीमुळेच आला, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. काही गोळ्या एकाएकी बंद केल्यास दाब उसळून वाढतो. व्यायामाने दाब उतरत गेला तर मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टर नोंदी पाहून घेतील.

पैशांअभावी गोळी सुटत असेल तर संकोच न बाळगता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जावे. तेथे रक्तदाबाची तपासणी व औषधे मिळतात. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा या जिल्ह्यांचा सुरुवातीपासून समावेश होता. त्या उपक्रमाचा भर साध्या गोष्टींवर होता : ठरावीक गोळ्या, त्यांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद.

व्यायामासोबत मिठाकडेही लक्ष हवे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ असावे. पापड, लोणचे, सुके मासे, फरसाण यांतील मीठही त्यात धरावे. तंबाखू, मिसरी व दारू यांना तर रजाच द्यावी.

मोजा आणि लिहून ठेवा

व्यायामाचा उपयोग होतो की नाही हे अंदाजाने कळत नाही, मोजूनच कळते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व व्यायाम टाळावा. लघवी करून यावे. पाठीला आधार घेऊन, पावले जमिनीवर टेकवून पाच मिनिटे शांत बसावे. पायावर पाय टाकू नये, बोलू नये. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत.

येथे आम्ही विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवितो. एका वहीत आई, वडील, आजी, आजोबा यांच्यासाठी एकेक पान आखावे. पहिल्या ओळीत आजचा रक्तदाब लिहावा. त्याखाली रोज चालणे झाले का, खुर्चीचे फेरे झाले का, गोळी घेतली का, एवढ्या तीन खुणा कराव्यात. दर पंधरा दिवसांनी जवळच्या दवाखान्यात नेऊन दाब मोजावा व नोंद करावी. आठ ते बारा आठवड्यांनी ती वही डॉक्टरांना दाखवावी. आई-वडिलांना व्यायामाचा उपदेश करण्यापेक्षा त्यांच्यासोबत भिंतीला टेकून दोन मिनिटे आकडे मोजणे अधिक उपयोगाचे ठरेल.

एका घरात दोन माणसांचा वरचा दाब पाच मिलिमीटरने उतरला तर ती बातमी वर्तमानपत्रात येणार नाही. परंतु त्या घरातील पक्षाघाताचा धोका कमी होईल, कमावता हात कामावर राहील आणि मुलांची शाळा सुरू राहील. त्यासाठी लागते ती चालण्यापुरती वाट, एक भिंत, एक वही आणि नियमितपणा.